रोजकीर्द, खतावणी आणि बुकमार्क

वऱ्हाडच्या ज्या मुलखात चिखली वसली आहे, तो 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. परंतु त्यापूर्वी कैक पिढ्या येथील वतनांची, जमाबंदीची आणि वहिवाटीची स्मृती परगण्याचा देशपांड्या व गावचा पटवारी यांच्या दफ्तरांत, रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांच्या रूपाने नांदत आली होती. बांधाचा तंटा उभा राहिला म्हणजे गाठ सोडून नेमका कागद काढता येणे, यावर रयतेचा हक्क अवलंबून असे.

या विद्येचे प्रौढ रूप पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तरात दिसते. पेशवे मोहिमेवर निघाले तरी त्यातील एकबेरीज दफ्तर पुण्यातून हलत नसे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे येत, आणि रोजकीर्दीत तारीखवार झालेल्या नोंदी खतावणीत बाबवार लागल्यामुळे ‘केव्हा’ आणि ‘कशाबद्दल’ या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ही शिस्त ढळली. तथापि उरलेल्या रुमालांतूनच इतिहासकार गो. स. सरदेसाई यांना 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड सिद्ध करता आले.

आज चिखलीच्या शेतकऱ्याचा सातबारा, पीकविम्याचा अर्ज आणि विद्यार्थ्याची परीक्षेची टिपणे ब्राउझरच्या टॅबांत उघडी असतात. 1993 च्या मोझेक ब्राउझरने वेबपानांचे पत्ते जपून ठेवण्याची यादी दिली. 2003 मध्ये निघालेल्या डिलिशियस या संकेतस्थळाने एकच पत्ता अनेक बाबींखाली नोंदविण्याची सोय केली. ब्राउझरची ‘हिस्टरी’ ही आपली रोजकीर्द आणि बुकमार्क ही खतावणी होय. उघडे टॅब म्हणजे बैठकीवर पसरलेले चालू काम, त्यांना दफ्तर समजणे हाच गोंधळाचा उगम आहे.

म्हणून पत्ते जपण्याचे साधन निवडताना त्याचे रूप न पाहता तीन गोष्टी पाहाव्यात : पत्ता बाबवार लावता येतो काय, पुढे शोधता येतो काय, आणि सारा संग्रह एका साध्या फायलीत बाहेर काढता येतो काय. यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची. कारण डिलिशियस मालकांतरांत मावळले आणि तसेच दुवे जपणारे पॉकेट जुलै 2025 मध्ये बंद झाले, परंतु पेशवाईचा कारकून आणि पेशवाई दोन्ही लयास गेल्यावरही रुमालाची गाठ परक्या हातांना सोडता आली. जे साधन आपल्या कागदांना स्वतःच्या आयुष्याशी जखडून ठेवीत नाही, तेच विश्वासाने पत्करावे.