दोन काचा, दोन सीलंट: इन्सुलेटिंग ग्लास चिकटवतात तरी कशी?

दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजचं काचेचं दार कडेने नीट बघा. बहुतेक वेळा काच एक नसते, दोन असतात आणि मध्ये बंद पोकळी असते. हीच इन्सुलेटिंग ग्लास. धंद्यात तिला डीजीयू म्हणतात, म्हणजे डबल ग्लेझ्ड युनिट. एसी ऑफिसांच्या काचेच्या भिंतींत आणि रेल्वेच्या एसी डब्यांच्या खिडक्यांतही हेच तंत्र वापरतात. एका साध्या काचेतून जेवढी उष्णता जाते, त्याच्या साधारण निम्मीच यातून जाते. पण हे सगळं कडेच्या काही मिलिमीटर सीलंटवर टिकून असतं. ते फसलं की काच शाबूत असूनही युनिट भंगारात.

शिरूर-दौंडकडच्या मुलांना हा विषय लांबचा नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर फ्रीज बनवतात. शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभला हेंकेल या जर्मन कंपनीने २०२० मध्ये चिकटपदार्थांचा मोठा कारखाना सुरू केला. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या पट्ट्यात कामाला लागणाऱ्याला ‘डिस्पेन्सिंग’ आणि ‘सीलिंग’ हे शब्द कधी ना कधी भेटतातच.

चिकटवणं हे अर्धंच काम

आपल्याला वाटतं, गोंद जितका घट्ट तितका चांगला. इथे खरा शत्रू वेगळाच आहे: पाण्याची वाफ. ती वर्षानुवर्षं कडेतून आत झिरपायला बघते. म्हणून सीलंट एक नाही, दोन लागतात.

पहिलं ब्युटिल. हे काळं, च्युइंगमसारखं चिकट रबर. दोन काचांमध्ये अंतर ठेवणारी एक पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. स्पेसरच्या दोन्ही बाजूंना ब्युटिलची तीन-चार मिलिमीटर रुंद गरम रेघ ओढतात. ब्युटिल कधीच कडक होत नाही. ताकद म्हणाल तर जवळजवळ नाहीच, पण वाफ अडवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही.

दुसरं सीलंट बाहेरच्या खाचेत भरतात. पॉलिसल्फाइड, पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन. काचा धरून ठेवायचं काम याचं. सिलिकॉन उन्हाला दाद देत नाही, म्हणून इमारतीच्या उघड्या काचेच्या दर्शनी भागाला तेच लागतं. पण त्यातून गॅस सहज निसटतो. पॉलिसल्फाइड गॅस चांगला धरतं, मात्र काचेतून थेट ऊन लागलं की त्याची पकड ढिली होते, म्हणून त्याची कड फ्रेममध्ये झाकलेली हवी. सर्वगुणसंपन्न सीलंट अजून कुणी बनवलेलं नाही!

लाइनवर काय होतं

काच आधी क्षार काढलेल्या पाण्याने धुतली जाते. लो-ई काच असेल तर कडेचा कोटिंगचा थर घासून काढतात, नाहीतर सीलंट काचेला न चिकटता त्या थराला चिकटतं आणि थर पुढे गंजून सुटतो. स्पेसरच्या पोकळीत मॉलिक्युलर सीव्हचे दाणे भरतात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुडीचा हा हुशार भाऊ. त्याची छिद्रं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची: पाण्याचा रेणू आत जातो, नायट्रोजन आणि अरगॉन बाहेरच राहतात.

मग प्रेसमध्ये दोन्ही काचा समोरासमोर येतात, गरजेप्रमाणे अरगॉन भरला जातो आणि युनिट दाबलं जातं. अरगॉनमधून हवेच्या जेमतेम दोन-तृतीयांश उष्णता जाते.

यानंतर सीलिंग रोबो. त्याचं नोझल कडेने फिरतं, सेन्सर खाचेची खोली मोजतो आणि तेवढाच माल सोडतो. कोपऱ्यात वेग कमी होतो, कारण हवेचा बुडबुडा राहण्याची जागा तीच. सीलंट दोन भागांचं असतं, पांढरा बेस आणि काळं हार्डनर, बऱ्याचदा आकारमानाने १०:१. मिसळ नीट झाली का, हे बघायची पद्धत मात्र अगदी घरगुती आहे. कागदावर थेंब घ्यायचा, कागद दुमडून दाबायचा, उघडायचा. फुलपाखरासारख्या ठशात पांढऱ्या रेघा दिसल्या की लाइन थांबवायची. कोट्यवधींच्या मशिनचा निकाल एक कागद देतो, हे मला फार आवडतं.

काही नव्या लाइन्सवर धातूचा स्पेसरच नसतो. रोबो शोषक मिसळलेलं ब्युटिलसारखं मटेरियल थेट काचेवर सोडतो आणि तोच स्पेसर बनतो.

एक गोष्ट पुण्याकडच्यांना विशेष लागू. शिरूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी. इथे बंद केलेलं युनिट मुंबईत बसवलं तर काचा किंचित आत दबतात, आणि तो ताण कडेच्या सीलंटवर येतो. छोट्या, जाड काचांच्या युनिटमध्ये जास्तच.

काच धुरकट झाली तर?

बोट फिरवून बघा. बाहेरून पुसलं जात असेल तर ती हवेतली दमट वाफ, पावसाळ्यात फ्रीजवर येतेच. दोन्ही बाजूंनी पुसूनही धुकं राहत असेल तर सील गेलं. आतले दाणे पाण्याने भरले, आता ते काही शोषणार नाहीत. काचेला भोक पाडून वाळवण्याचे व्हिडिओ दिसतील. धुकं तात्पुरतं जाईल, पण आतला अरगॉन गेलेला असेल आणि नवी वाफ येतच राहील. युनिट बदलावंच लागतं.

नवं बसवताना फॅब्रिकेटर कोणतं सिलिकॉन वापरतोय ते विचारा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन डीजीयूच्या कडेला लागू देऊ नका, त्यातल्या आम्लाने कडेचं सीलंट बिघडू शकतं. तेल मिसळलेलं हलकं सिलिकॉनही नको, तेलाने ब्युटिल विरघळून काचेवर काळे ओघळ उतरतात. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं असावं, आणि ते डीजीयूच्या सीलंटला चालतं याची खात्री डीजीयू बनवणाऱ्याकडूनच करून घ्यावी.