गाविलगड कुणाचा? एका खेळातल्या किल्ल्याची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने किल्ला केला. आमचं घर अमरावतीच्या जुन्या परकोटाच्या आत, नागपुरी गेटपासून पायी पाच मिनिटांवर. गल्लीतली पोरं मिळून माती आणत होती, विटांचे तुकडे गोळा करत होती. जवळच्या एका मंडळाने किल्ले स्पर्धा ठेवली होती. भाचा सहावीत आहे. त्याच्याकडे प्लास्टिकच्या ब्लॉक्सचा एक मोठा डबा आहे, तीन-चार ईदींच्या पैशांतून जमवलेला. त्याने ठरवलं, डोंगर मातीचा करायचा आणि तटबंदी ब्लॉक्सची.

"मामू, कोणता किल्ला करू?"

मी म्हणालो, "सिंधुदुर्ग कर. निळी पन्नी लावली की समुद्र होतो."

त्याने मान हलवली. "आम्ही सहलीला चिखलदऱ्याला गेलो होतो. मला गाविलगड करायचा."

मी त्याला दोनदा टाळण्याचा प्रयत्न केला, हे आधीच कबूल करतो. का टाळत होतो ते तेव्हा मलाच नीट सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. गाविलगड म्हटलं की बहमनी सुलतान आला, इमादशाही आली, मशीद आली. पोराच्या हौसेत कशाला भानगड?

त्याने ऐकलं नाही. चार दिवस खपून गाविलगड उभा केला. परीक्षक आले. चांगले गृहस्थ होते, गुडघ्यावर बसून त्यांनी एकेक बुरूज पाहिला, पोराच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बाळा, काम फार सुंदर आहे. पण स्पर्धा आपल्या किल्ल्यांची आहे ना."

स्पर्धा शिवकालीन किल्ल्यांची होती. पत्रकात तसं छापलं होतं, आम्हीच नीट वाचलं नव्हतं. त्यामुळे बक्षीस मिळालं नाही याबद्दल माझी काही तक्रार नाही. विषय ठरवण्याचा हक्क आयोजकांचा असतो. माझ्या मनात रुतून बसला तो फक्त एक शब्द, ‘आपल्या’. रात्री भाच्याने विचारलं, "मामू, गाविलगड आपला नाही का?" या प्रश्नाचं उत्तर मी त्याला ओसरीवर दोन मिनिटांत दिलं. ते अपुरं होतं. आज सविस्तर देतो.

आधी थोडं त्याच्या खेळण्याविषयी. लेगो ही कंपनी डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली सुरू केली, तेव्हा ती लाकडी खेळणी करत असे. आज आपण ओळखतो ती, एकमेकींत घट्ट बसणारी वीट आली १९५८ साली. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. आठ टिकल्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात. आमच्याकडच्या डब्यातले ब्लॉक्स लेगोचे नाहीत, बाजारातले साधे आहेत. पण गणित तेच.

या कंपनीने १९७८ साली पिवळ्या विटांचा एक किल्ला बाजारात आणला. तेव्हापासून जगभरातली मुलं किल्ले बांधताहेत, पण तो किल्ला बहुतेक वेळा युरोपचा असतो. पुढे कंपनीने आणखी एक दार उघडलं. २००८ साली जपानमध्ये सुरू झालेल्या आणि नंतर जगभर पसरलेल्या या योजनेत कुणीही स्वतःची कल्पना बांधून मांडू शकतो. तिला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते. एका चाहत्याने मांडलेलं मध्ययुगीन लोहाराचं घर असंच २०२१ मध्ये दुकानात आलं. आपल्याकडची एक इमारत मात्र कंपनीने स्वतःहून घेतली, ती म्हणजे ताजमहाल. २००८ सालच्या त्या संचात ५,९२२ तुकडे होते आणि तेव्हा त्याहून मोठा संच कंपनीने काढलेला नव्हता.

म्हणजे बिलुंडच्या माणसाला हिंदुस्थान म्हटलं की ताज दिसतो आणि आमच्या मंडळाला महाराष्ट्र म्हटलं की रायगड दिसतो. दोन्ही खरंच आहेत. पण अकोला-अमरावतीच्या पोराच्या डोळ्यांसमोर जे दगड रोज उभे आहेत, ते दोघांनाही दिसत नाहीत.

ते दगड काय सांगतात?

सुरुवात घरापासून करू. ज्या परकोटाच्या आत आम्ही राहतो तो निजाम सरकारने १८०७ साली बांधला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून शहरातले व्यापारी वाचावेत म्हणून. लांबी सुमारे सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट. आंबागेट, भुसारी गेट, नागपुरी गेट, महाजनपुरी गेट, खोलापुरी गेट ही त्याची पाच दारं आणि चार खिडक्या. या भिंतीने जात-धर्म पाहून कुणाला आत घेतलं नाही. आत राहणारा प्रत्येक जण, सावकार असो की विणकर, तिच्या आडोशाला निजत असे. पण याच भिंतीतल्या एका खिडकीचं नाव खुनारी खिडकी आहे. १८१८ च्या मोहरममध्ये तिथे झालेल्या दंग्यात सुमारे ७०० माणसं मेली, त्यावरून हे नाव पडलं असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलं आहे. ‘सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते’ एवढंच सांगून मी भाच्याला झोपवणार नाही. भिंतीने वाचवलंही आणि भिंतीशी रक्तही सांडलं. दोन्ही त्याच शहराचं आहे.

आता बाळापूर. अकोल्याहून पश्चिमेला, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे हा किल्ला उभा आहे. खेळण्यातल्या विटा जोडणाऱ्या पोरांना आधी इथेच न्यायला हवं, कारण हा विटांचा किल्ला आहे. एकाच्या आत एक असे त्याचे दरवाजे आणि उंच तट पाहिले की पक्क्या विटेत काय ताकद असते ते कळतं. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने त्याचा आरंभ केला असं सांगतात. काम पुरं केलं एलिचपूरचे नवाब इस्माईल खान यांनी १७५७ साली. त्याच बाळापुरात मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाची दगडी छत्री आहे. खुद्द अकोल्याचा किल्ला असदगड. औरंगजेबाचा वजीर असदखान याचं नाव त्याला आहे, आणि त्याच किल्ल्यात १८४३ सालचा, गोविंद आप्पाजी यांचं नाव सांगणारा मराठी लेखही नोंदवलेला आहे. पुढे इंग्रजांनी तो किल्ला पाडायला घेतला, तरी त्याच्या मधल्या भागात काही काळ शाळा भरत होती. किल्ल्याचा याहून चांगला शेवट मला सुचत नाही.

अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात नरनाळा. तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, म्हणजे बहमनी सुलतान महमूदशाहच्या काळातला. नाव देवीचं, लेख अरबी-फारसी लिपीत, आणि पाकळ्या उमललेली कमळं दगडात. त्या दरवाजाखाली उभं राहून कुणाला ‘हे आमचं, ते तुमचं’ अशी वाटणी करायची असेल तर त्याने छिन्नी घेऊनच यावं.

आणि गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास तो बांधला. नावात मात्र त्याहून जुने गवळी आहेत, डोंगरातले गुरं राखणारे. १४८८ मध्ये त्याची मोठी डागडुजी केली फतहुल्लाह इमादुल्मुल्क याने. हा फतहुल्लाह कोण? फिरिश्ता लिहितो की तो विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला मुलगा. १४२३ च्या लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला, वऱ्हाडच्या सरदाराच्या घरी वाढला, मुसलमान झाला. महमूद गवानने सुभ्यांची फेररचना केली तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले, त्यातला गाविल याच्याकडे आला. १४९० च्या सुमारास तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. गाविलगडाच्या एका दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी हत्तींना धरून कोरलेला आहे. हे विजयनगरचं चिन्ह. पोरवयात हिरावलं गेलेलं घर त्या माणसाच्या मनात राहिलं होतं की काय, हे आता कोण सांगणार? दगडात मात्र ते राहिलं.

१५७४ मध्ये इमादशाही निजामशाहीने गिळली. १५७७ मध्ये निजामशाहीच्या बहराम खानाने इथे बुरूज बांधला. मग मुघल आले. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या किल्ल्याच्या तोडीचे किल्ले विरळा असल्याचं लिहून ठेवलं. पुढे नागपूरचे भोसले. आणि मग १५ डिसेंबर १८०३.

त्या दिवसाचं चित्र भाच्याने त्याच्या किल्ल्यात मांडलं होतं, म्हणून जरा थांबतो. २९ नोव्हेंबरला आडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. जनरल वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन गाविलगडावर चालून आले. स्टीव्हन्सनने डोंगरातून तोफा ओढत नेल्या आणि लाबाडा गावाकडून, उत्तरेच्या अंगाने तट फोडला. बाहेरचा तट पडला तरी आतला उभाच होता. अखेर शिड्या लावून शिपाई आत उतरले आणि त्यांनी दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

आता हिशेब करा. किल्ला बांधला मुसलमान सुलतानाने. दुरुस्त केला ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या मुसलमानाने. तो राखताना मेला राजपूत किल्लेदार, मराठा राजासाठी. आणि समोरून इंग्रजांच्या बाजूने उभा होता हैदराबादचा निजाम, ज्याला त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड मिळाला. चार वर्षांनी त्याच निजामाच्या सरकारने आमच्या अमरावतीला परकोट घातला. भाच्याच्या डब्यात हिरव्या विटा वेगळ्या आणि भगव्या वेगळ्या लावून ठेवता येतात. या इतिहासात तसं करायला गेलं तर भिंतच खाली येते.

आमच्यातले काही लोक दुसरी चूक करतात. ते छाती फुगवून म्हणतात, ‘हा आमच्या बापजाद्यांचा किल्ला.’ माझे बापजादे विणकर होते. सुलतानाने त्यांना गाविलगडावर कधी जेवायला बोलावलं असेल असं मला वाटत नाही. त्या तटाचे दगड वाहिले ते डोंगरातल्या आणि खालच्या गावांतल्या मजुरांनी, त्यांची नावं कुठल्याच लेखात नाहीत. नातं जोडायचंच असेल तर ते त्या हातांशी जोडावं.

विटांच्या या छंदात एक प्रकार मोझॅकचा आहे. २०२० पासून लेगोही भिंतीवर लावायची अशी चित्रं विकते. ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ चौकोन. एकेका चौकोनावर एकाच टिकलीचा तुकडा. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे ठिपके. दहा पावलं मागं सरलं की चेहरा दिसतो. दख्खनला हे नवं नाही. बीदरला महमूद गवानच्या १४७२ सालच्या मदरशाच्या भिंतीवर रंगीत काशीकामाचे तुकडे आजही थोडेफार टिकून आहेत. उरलेल्या तुकड्यांवरून पूर्ण भिंतीचा अंदाज बांधावा लागतो.

मला परीक्षकांना एवढंच सांगायचं होतं आणि तेव्हा बोलायला जमलं नाही. रायगड या चित्राचा कपाळावरचा भाग आहे, ठळक आणि उजळ. तो काढून टाका असं कुणी म्हणत नाही, माझा भाचाही म्हणत नाही, मागच्या वर्षी त्याने रायगडच केला होता. पण बाकीचे दोन हजार चौकोन रिकामे ठेवले तर चेहरा कसा उमटेल? पुढच्या वर्षी अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या मंडळाने ‘वऱ्हाडातले किल्ले’ असा विषय ठेवून पाहावा. गाविलगड, नरनाळा, बाळापूर, असदगड, परकोट. पोरांना माती घ्यायला लांब जावं लागणार नाही आणि खरा किल्ला पाहायला एक एसटी पुरेल.

स्पर्धा संपल्यावर दोन दिवसांनी शेजारचे काकाजी आले. वय पंच्याहत्तर, परतवाड्याला नोकरीत आयुष्य गेलेलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग भाच्याला म्हणाले, "सगळं बराबर आहे बेटा. पण थो पक्षी कुठी आहे? दरवाजावरचा, दोन तोंडाचा?"

भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी दहा-बारा वेळा गाविलगडावर गेलो आहे, पण त्याला पक्ष्याबद्दल सांगायचं राहूनच गेलं होतं. त्याने डब्यातून दोन पिवळे तुकडे शोधले, एकाला एक तिरपे जोडले आणि दरवाजाच्या वर बसवले.

"आता झाला," काकाजी म्हणाले. "आता झाला आपला गाविलगड."