दगडावरची नावे आणि दप्तरातील नावे

शिरूरला घोडनदी म्हणण्याचा परिपाठ आपल्या पुणे जिल्ह्यात अजून आहे. ही घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून पंढरीच्या वाटेला लागते. शेती, बाजारपेठ, साखर कारखाने आणि रेल्वेचे जंक्शन यांमुळे या दोन तालुक्यांची नावे सर्वतोमुखी झाली. परंतु या नदीकाठाने दोन शतकांपूर्वी लष्कराचे तळही पाहिले आहेत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्यानंतर कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी शिरूरला पडली. या फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ साली मरण पावला. त्याच्या थडग्याला येथील लोक ‘सत्पुरुषाचे स्थान’ मानून नैवेद्य दाखवीत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या देशातून आलेल्या अधिकाऱ्याचे नाव अशा रीतीने गावाच्या स्मरणात राहिले. त्याच छावणीतील देशी शिपायांची नावे कोठे राहिली, हा प्रश्न मात्र आम्हांस अस्वस्थ करतो.

लढाईत भाग घेऊनही ज्याच्या सेवापुस्तकात तिची नोंद नाही, मिळावयास हवे ते पदक ज्याला मिळाले नाही, असा वृद्ध सैनिक आपली नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो, हे चित्र जगात अनेक ठिकाणी दिसते. पुष्कळांना तो हट्ट वाटतो. ‘आता या वयात धातूच्या तुकड्याचे काय करावयाचे?’ असे घरचेही विचारतात. आम्हांस वाटते, या प्रश्नाचे उत्तर शिरूर तालुक्याच्या इतिहासातच दडलेले आहे.

वसईच्या तहाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या रात्री, म्हणजे ३१ डिसेंबर १८१७ रोजी, कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन शिरूरहून पुण्याच्या दिशेने निघाला. त्याच्याबरोबर बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे काही स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. एकूण माणसे सुमारे ८३४. रात्रभर चालून ती सकाळी भीमेच्या काठी कोरेगावला पोहोचली, तेव्हा पलीकडे पेशव्यांची प्रचंड फौज उभी होती. नववर्षाचा तो सारा दिवस गावाच्या गल्लीबोळांतून लढाई झाली. पाण्यावाचून आणि अन्नावाचून शिपाई लढले. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. कंपनीच्या माणसांपैकी २७५ ठार, जखमी वा बेपत्ता झाली, आणि उरलेली शिरूरला परतली.

आता बक्षिसांचा हिशेब पाहू. स्टॉन्टनला कंपनीच्या संचालकांनी मानाची तलवार आणि ५०० गिनी दिल्या. गव्हर्नर जनरलने त्याला आपला मानद एडीसी नेमले. पलटणीला ‘ग्रेनेडियर’ हा किताब मिळाला. शिपायाला व्यक्तिशः काय मिळाले? देशी शिपायाच्या शौर्यासाठी असलेले ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ १८३७ साली स्थापन झाले, तेव्हा ते या लढाईच्या उपयोगाचे नव्हते. कोरेगावच्या रणस्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली आणि त्यावर पडलेल्यांची नावे कोरली गेली. देशी शिपायांची ४९ नावे तेथे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा महार समाजात चालणारा प्रत्यय आहे. जिवंत राहिलेल्यांसाठी मात्र पुढील तीस वर्षे काहीच नव्हते.

१८५१ साली ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ जाहीर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील भारतातील लढायांसाठी ते होते, आणि कोरेगावच्या नावाची वेगळी पट्टी त्याच्या फितीवर लावण्यात येई. पण अट अशी की, मानकरी त्या वेळी हयात असला पाहिजे. लढाईला तेहतीस वर्षे उलटलेली होती. विशीत लढलेला तरुण आता पन्नाशी ओलांडून गेला होता. चाळिशीत लढलेला बहुधा मातीआड झाला होता. वारसाला पदक नव्हते. जे १८२० मध्ये किंवा १८४० मध्ये वारले, त्यांनी तीच लढाई तितक्याच धैर्याने लढली होती. परंतु पदकाच्या यादीत त्यांचे नाव येणे आता अशक्य होते. उशिरा दिलेला न्याय कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या नाही, हे शौर्य ठरवीत नाही, आयुष्याची दोरी ठरवते. नोंद दुरुस्त करावयाची असेल तर माणूस जिवंत असेतो करावी, ही यातली पहिली शिकवण.

दुसरी शिकवण याहून कडू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने काही जातींना ‘लढवय्या’ ठरवले आणि महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांचे बाप आणि आजे सैन्यात होते, त्यांना ‘तुम्ही लढणारे नव्हेत’ असे सांगण्यात आले. निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास सरसेनापतीसाठी अर्ज तयार केला. १९०३ साली सासवडला शिवराम जानबा कांबळे यांनी ५१ गावांतील महारांची सभा घेऊन अर्जाची चळवळ उभारली; १९१० साली भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवण्यात आले. पूर्वजांच्या सेवेचा दाखला हाच या अर्जांचा आधार होता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले; त्यांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः सैन्यात सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या चिन्हावर हाच स्तंभ होता.

तो स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे खरे. त्याच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. द्विशताब्दीच्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, तेथे हिंसाचारही झाला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दगडावर नावे कोरलेली होती, म्हणूनच शंभर वर्षांनंतर ‘आमचे लोक लढले नाहीत’ हे विधान खोटे ठरवता आले. नोंद नसती तर पुरावा नसता, आणि पुरावा नसता तर अर्जाला उत्तर देण्याचेही कारण उरले नसते.

नावे न कोरल्याने काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. गावातील पोरे तिच्याखाली विटीदांडू खेळतात. आपल्या पणजोबांचा त्या आकड्यात समावेश आहे की नाही, हे सांगता येईल असे घर क्वचितच सापडते. मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी अतोनात हाल सोसले. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडल्यावर युद्धकैदेत गेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि शिपायांसाठी ‘इतर इतके भारतीय सैनिक’ असा आकडा लिहिला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्याच पूर्वेतिहासाची चौकशी प्रसिद्ध केली. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावाने स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे तीत मान्य केले आहे. यांत बहुसंख्य आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील माणसे होती. शंभर वर्षांनी का होईना, चूक मान्य झाली. पण तोवर त्या माणसांची मुलेही जगात राहिली नव्हती.

शौर्यपदकाची गोष्ट आणखी नाजूक असते, कारण त्याला साक्षीदार लागतो. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सारे सहकारी १० जुलै १९४४ रोजी इटलीत ठार वा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच पडले. इतरांनी ते पाहिले, वरिष्ठांनी लिहिले, म्हणून त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतील मोंतोने गावी त्यांच्या नावाचे स्मारकही उभे राहिले. पण ज्याच्या पराक्रमाचा पाहणारा त्याच क्षणी पडला, किंवा ज्याच्या अधिकाऱ्याला शिफारस लिहिण्यापूर्वीच गोळी लागली, त्याचे काय? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला त्या देशाचे सर्वोच्च पदक दिले गेले नव्हते. तेथील सैन्याने १९९३ साली अभ्यास करविला आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते पदक देण्यात आले. सातांपैकी हयात होते एकटे व्हर्नन बेकर. त्याच देशात १९७३ साली सेंट लुईसच्या दप्तरखान्याला आग लागून कोट्यवधी सेवापत्रके जळाली. अनेक वृद्धांना आपण सैन्यात होतो एवढे सिद्ध करण्यासाठीही घरातील जुनी पत्रे शोधावी लागली.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील वीर यामुळे वंचित राहिले नाहीत. एप्रिल १९४८ मध्ये सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे, बाँबे सॅपर्सचे रामा राघोबा राणे यांना याच तरतुदीमुळे परमवीर चक्र मिळाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांसाठी समर सेवा स्टार, रक्षा मेडल, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल अशी सेवापदके आली. शौर्यपदक शिफारशीने मिळते. सेवापदक मात्र त्या रणक्षेत्रात ठराविक काळ हजर असणाऱ्या प्रत्येकाचा हक्क असतो. आणि नेमका हाच हक्क नोंदीच्या चुकीने हुकू शकतो. शिपाई थोड्या दिवसांसाठी दुसऱ्या पलटणीला जोडला गेला आणि त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली नाही. जखमी होऊन इस्पितळात गेला आणि परत वेगळ्याच ठिकाणी रुजू झाला. नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचे पडले. चूक कारकुनाच्या एका ओळीची असते आणि तिचे ओझे सैनिक आयुष्यभर वाहतो.

नोंद दुरुस्त होऊच शकत नाही, असे मात्र नाही. आपल्या सेनेत प्रत्येक रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय आहे: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बाँबे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाला मदत करते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मागता येतात, आणि २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कारगिलच्या बटालिक भागात लढलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या लढाईचा अधिकृत वृत्तान्त पूर्वग्रहाने लिहिला गेला, असा निर्णय याच न्यायाधिकरणाने २०१० साली दिला. दप्तरात एकदा लिहिले गेले म्हणजे ते कायमचे सत्य झाले असे नव्हे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

येथे लष्कराची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक दावा खरा असतो असे नाही. पन्नास वर्षांनी आठवण धूसर होते, आणि पुराव्यावाचून पदक वाटले तर ज्यांनी ते रक्त सांडून मिळविले त्यांचा अवमान होईल. म्हणून पुरावा मागणे योग्यच आहे. परंतु पुरावा सांभाळण्याची पहिली जबाबदारी दप्तराची असते. दप्तराने तो हरवावा आणि मग सैनिकाकडेच मागावा, हा न्याय नव्हे.

आपल्या कुटुंबांतून सैन्यात, पोलिसांत आणि रेल्वेत गेलेली माणसे कमी नाहीत. आपल्या घरांत एक विशेष अडचणही असते. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, गावात हाक मारण्याचे तिसरे. भरतीच्या वेळी जे सांगितले गेले ते सेवापुस्तकात चढले. अशा वेळी धर्मग्रामाची बाप्तिस्मा नोंदवही, विवाहाची नोंद आणि आईवडिलांची नावे यांवरून हे तिन्ही मनुष्य एकच आहेत हे दाखवता येते. घरातील निवृत्तांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आघाडीवरून आलेली पत्रे, पलटणीचे समूहचित्र, ही रद्दी नव्हे. त्या चित्रामागे कोण कोण उभे आहे, ते त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे. सोबत लढलेला जोडीदार हयात असेल तर त्याचे शपथपत्र आजच करून ठेवावे.

पदक छातीवर लागले म्हणून वृद्ध सैनिकाचे आयुष्य वाढत नाही, आणि त्याला तशी आशाही नसते. आपण तेथे होतो, ही गोष्ट खरी आहे असे आपल्या देशाच्या दप्तराने म्हणावे, एवढेच त्याचे मागणे असते. १८५१ च्या पदकापूर्वी मिटलेल्या डोळ्यांना ते मिळाले नाही. आज ज्यांचे डोळे उघडे आहेत, त्यांना ते मिळवून देणे आपल्या हाती आहे.