कमी खर्चात सकस शाकाहार : डाळी आणि कडधान्यांचा आधार

महागाई वाढली की घरखर्चाची पहिली कात्री अनेकदा स्वयंपाकघराला लागते आणि त्यातही डाळीच्या डब्याला. वरण पातळ होते, उसळ आठवड्यातून एकदाच शिजते आणि पोट भरण्याचा भार पोळी, भात व बटाट्यावर येऊन पडतो. २०१५ च्या उत्तरार्धात तूरडाळीचा किरकोळ भाव किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेला, तेव्हा शहरांतील असंख्य कुटुंबांनी हा अनुभव घेतला. मांसाहार न करणाऱ्या घरांत मात्र ही काटकसर महागात पडते. कारण अशा घरांत दूध-दुभत्याखेरीज प्रथिनांचा मुख्य आधार डाळी आणि कडधान्ये हाच असतो. बचत करायचीच, तर डाळ कमी करण्याऐवजी डाळीचा प्रकार बदलावा, हे त्यावरचे साधे उत्तर आहे.

प्रथिनांचे गणित

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीची गरज सुमारे ५० ग्रॅमची. बहुतेक डाळी व कडधान्यांच्या शंभर ग्रॅममध्ये २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनमध्ये हे प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक असते.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळीत मिथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी, मुगाची खिचडी या जोड्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या, त्यांना आहारशास्त्राचाही असा पाठिंबा आहे. साधारण तीन भाग धान्य आणि एक भाग डाळ हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे.

पिठले आणि झुणका

घाईच्या वेळी हाताशी येणारा सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे पिठले. तीन माणसांसाठी एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून घ्यावे. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, ठेचलेला लसूण व हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात एक चिरलेला कांदा परतावा. मग कालवलेले बेसन हळूहळू ओतून सतत ढवळावे. घट्ट होऊ लागले की मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ द्यावी. पीठ कच्चे राहिले तर पोटाला जड पडते, म्हणून ही वाफ टाळू नये.

झुणक्यात कांदा भरपूर आणि पाणी अगदी थोडे. परतलेल्या कांद्यावर कोरडे बेसन भुरभुरून, पाण्याचा हबका मारून वाफ आणली की झाले. कोकणात बेसनाऐवजी कुळथाचे पीठ वापरतात. ते गरम भातावर वाढले जाते. राज्य सरकारने १९९५ मध्ये गरिबांसाठी एक रुपयात जेवणाची योजना आणली, तेव्हा तिने निवडलेला पदार्थ झुणका-भाकर हाच होता. २०२० मध्ये सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीतही पोळी, भाजी आणि भातासोबत वरणाला जागा मिळाली.

मोड आणि उसळ

एक वाटी मटकी भिजून मोड आल्यावर फुगून जवळजवळ तीन वाट्या होते. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवावेत, पाणी काढून टाकावे आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात. थंडीत पूर्ण दिवस लागतो. मोड आल्याने 'क' जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषून घेण्यात अडथळा आणणारे फायटिक आम्ल कमी होते. वरून लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण आणखी सुधारते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास मात्र हा लाभ घटतो.

उसळीसाठी फोडणीत कांदा परतून मोडाची मटकी घालावी, गरम पाणी ओतावे आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवावी. गोडा मसाला, गूळ, चिंच किंवा आमसूल दाणे मऊ झाल्यावरच घालावे. आंबट पदार्थ आधी पडला तर कडधान्य शिजता शिजत नाही. लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवयही चांगली नाही. त्याने 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होते. राजमा मात्र भिजवलेले पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवूनच खावा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात.

तुरीला पर्याय

तूर महागली की मसूर आणि मुगाच्या डाळीकडे वळावे. या दोन्ही डाळी कुकरविना, साध्या पातेल्यातही लवकर शिजतात. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्यांना त्या विशेष सोयीच्या. सातारा-सांगलीकडचे उडदाचे घुटे, विदर्भ-मराठवाड्यातील डाळकांदा, रायगडकडचे वालाचे बिरडे, गोव्यातील मुगागाठी असे तुरीवाचून होणारे पदार्थ प्रत्येक भागात आहेत. पालेभाजीत मूठभर डाळ व थोडे बेसन घालून केलेली पातळ भाजी हीदेखील एक जुडी चार जणांना पुरवण्याची जुनी युक्ती आहे.

इंधन आणि उरलेले अन्न

डाळ अर्धा तास भिजवून ठेवल्यास गॅस वाचतो. वरण, भात आणि बटाटे कुकरच्या डब्यांत एकाच वेळी लावावेत व पहिली शिटी झाली की आच मंद करावी. नंतर कुकर आपोआप गार होऊ द्यावा.

वाया न घालवण्याची परंपराही मराठी स्वयंपाकात मुरलेली आहे. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीवरचे पाणी, म्हणजे कट, फेकला न जाता त्याची आमटी होते. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात घरोघरी होतो. उरलेल्या वरणात कणकेचे तुकडे सोडून केलेली वरणफळे, म्हणजेच चकोल्या, हे एका पातेल्यात होणारे पूर्ण जेवण आहे. भाताबाबत मात्र सावधगिरी हवी. तो रात्रभर उघड्यावर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा.

खरेदी करताना

कडधान्य फार जुने झाले की ते शिजण्यास वेळ घेते. म्हणून साठवणीची सोय नसेल तर महिन्यापुरतेच आणावे. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करणाऱ्यांनी धान्य-डाळी कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. ज्वारी-बाजरीचे पीठ थोडे थोडेच दळून आणावे. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. भाज्या हंगामातील घ्याव्यात. पावसाळ्यात पालेभाज्या कडाडल्या की त्या दिवसांची भर मोडाच्या कडधान्यांनी काढता येते.

आठवड्याचा बेत ठरवताना दोन दिवस वरण किंवा आमटी, दोन दिवस उसळ, एक दिवस पिठले, एक दिवस खिचडी आणि एक दिवस डाळ घातलेली पालेभाजी असा क्रम लावल्यास रोज डाळ पोटात जाते, चवही बदलते आणि एकाच डाळीच्या भावावर घराचे अंदाजपत्रक अवलंबून राहत नाही.