दातांच्या डॉक्टरांची भीती वाटते? त्यावरही उपचार आहेत

नागपुरातली धंतोली म्हणजे डॉक्टरांची वस्ती. दातांचा दवाखाना शोधायला इथे लांब जावं लागत नाही. तरीही दाढ ठणकत असताना लवंग आणि पेनकिलरवर दिवस काढणारे अनेक जण असतात. त्यांना अडवते ती भीती.

ही भीती येते कुठून?

बऱ्याचदा लहानपणीच्या एखाद्या वेदनादायी उपचारातून. पण मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी कारण आणखी खोल असू शकतं. खुर्चीत आडवं व्हायचं, अनोळखी माणूस चेहऱ्यावर वाकलेला, तोंडात हात आणि बोलायची सोय नाही. धोका नाही हे मनाला कळतं, पण शरीराला जुना प्रसंग आठवतो. छाती धडधडते, श्वास अडकतो. हा भित्रेपणा नाही.

टाळलं तर काय होतं?

छोटी कीड फिलिंगवर भागते. टाळत गेलं की रूट कॅनल करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते. उपचार मोठा झाला की भीतीही वाढते.

भीती मोजता येते का?

हो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये यासाठी प्रश्नावली तयार केली. १९९५ मधल्या तिच्या सुधारित रूपात ५ प्रश्न आहेत: उद्या दवाखान्यात जायचंय, बाहेर नंबरची वाट पाहताय, ड्रिल होणार, दात साफ होणार, हिरडीत सुई टोचणार, तेव्हा कसं वाटतं? एकूण गुण ५ ते २५. १९ किंवा जास्त म्हणजे तीव्र भीती.

उपचार काय?

• थांबण्याची खूण: हात वर केला की डॉक्टर लगेच थांबतात. ताबा रुग्णाकडे राहतो.

• सांगा, दाखवा, मग करा: प्रत्येक पायरी आधी समजावली जाते.

• हळूहळू सवय: आधी फक्त खुर्चीत बसणं, मग तपासणी, मग उपचार.

• सीबीटी: समुपदेशक घाबरवणारे विचार तपासायला आणि बदलायला शिकवतात.

• सुई पाहून चक्कर येत असेल तर: हातपायांचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, मग सैल सोडायचे, असं काही वेळा करायचं. रक्तदाब घसरत नाही.

झोप आणणाऱ्या औषधांनी त्या दिवसाचं काम होतं, पण मूळ भीती बहुधा तशीच राहते.

मदत कुठे मिळेल?

नागपुरात मेडिकल परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. मेडिकलमध्ये मानसोपचार विभागही आहे. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे: १४४१६.

अपॉइंटमेंट घेतानाच एवढं सांगा: “मला खूप भीती वाटते, मध्ये मध्ये थांबावं लागेल.” भूतकाळात काय घडलं, हे सांगायची सक्ती नाही. हे ऐकून डॉक्टर हसले किंवा रागावले, तर दुसरा दवाखाना निवडायचा हक्क तुम्हाला आहेच.