राजवाड्याचे सात मजले



इंदुरात कोणी 'राजवाड्यावर जातो' म्हणाला, तर त्याला होळकरांचा वाडाच पाहायचा असतो असे नाही. कापड घ्यायचे असते, नाहीतर नुसतेच चार माणसांत मिसळायचे असते. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हे शाळेत कानी पडण्याआधीच आम्ही बोटांवर मोजले होते.

आग या वास्तूला नवी नव्हती. १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर लुटले, वाडाही जाळला; १८३४ मध्ये पुन्हा वरचा मजला आगीत गेला. दोन्ही वेळा तो सावरला, कारण त्यात नांदणारा धनी होता. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला तेव्हा तसा धनी उरला नव्हता. शहर निवळल्यावर मी तेथे गेलो. पुढचे मजले मोजले, सातच भरले, आणि मला हायसे वाटले! त्याच दिवसांत शीख बांधवांवर हल्ले झाले होते, घरेदारे जळाली होती. त्या हायसे वाटण्याची मला आजही लाज वाटते. लाकडाचा शोक माणसांच्या शोकाआधी करू नये, हे खरे. पण शेजाऱ्याचे दुकान आणि आपला राजवाडा एकाच आगीत गेले, हेही विसरू नये.

उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने २००६-०७ च्या सुमारास मागचा भाग पूर्वीच्याच धाटणीत उभा राहिला. काहींना ती नक्कल वाटते. मला वाटत नाही. ते काम करताना सुतारांना जुने सांधे पुन्हा समजून घ्यावे लागले, एवढे मला पुरे आहे.

खरी हानी अनाम वाड्यांची झाली. १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारास दोन खंडांचा नगररचना-अहवाल सादर केला. आधी वस्ती नीट पाहा, मग कमीत कमी पाडा, ही त्यांची रीत. आम्ही ती उलटी केली. जुन्या वस्त्यांतील चौकाचे वाडे भाऊबंदकीत वाटले गेले, मग विकले गेले. त्यांच्यासाठी ना समिती बसली, ना निधी जमला.

माझ्या आजोळच्या वाड्याच्या जागी आज वाहने उभी राहतात. त्याचे छायाचित्रही आमच्यापाशी नाही. ओसरीच्या खांबाचा एक कोरीव तुकडा तेवढा मामांनी आणून दिला होता. त्यावर आता नात आपली दप्तरे ठेवते, आणि हे कमळ कोणी कोरले, असे मला विचारते.