बिनपंख्याच्या यंत्राला पंखा: एक जुनीच गोष्ट

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. मिनी पीसी म्हणजे साधारण पुस्तकाएवढा संगणक. दुकानाची बिलं, होमस्टेचं बुकिंग, कॅमेऱ्यांचं चित्रण, एवढं काम तो काशीदसारख्या गावात आरामात करतो. काहींत पंखा नसतो, म्हणून आवाजही नसतो. पण मे महिन्यात तो तापतो आणि मंदावतो. मग त्याला बाहेरून पंखा लावावा का? या प्रश्नाला बराच इतिहास आहे.

सुरुवात मुंबईतून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं ‘टिफ्रॅक’. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जुन्या रेडिओतले व्हॉल्व आठवा, हात लागला की चटका बसायचा. एका ट्यूबची तार तापवायला दोन वॅट धरले, तरी नुसता तेवढाच हिशेब साडेपाच किलोवॅटच्या आसपास जातो. म्हणजे तेव्हाचा संगणक ही एक भट्टीच होती, बरं का.

पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, उष्णता घटली. पंखा नकोच, असं वाटू लागलं. १९७७ चा ‘अ‍ॅपल टू’ बिनपंख्याचा होता. १९८४ चा मॅकिंटॉशही तसाच, कारण स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज नको होता. पण लोकांनी आत जास्तीची कार्डं बसवली, मेमरी वाढवली, आणि उष्णता कोंडली. मग केन्सिंग्टन कंपनीचा ‘सिस्टिम सेव्हर’ हा बाहेरून जोडायचा पंखा बाजारात खपू लागला. अखेर १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये अ‍ॅपलनेच पंखा बसवला. लोकांनी आधी केलं, कंपनीने मागून मानलं.

आजच्या बिनपंख्याच्या मिनी पीसीत अ‍ॅल्युमिनियमचं कवचच उष्णता बाहेर टाकतं. गरम हवा आपोआप वर जाते, तिच्या जागी थंड येते. पण खोली २२ अंशांवरून ३५ वर गेली, तर चिपही साधारण तेवढीच, म्हणजे १३ अंशांनी, जास्त तापते. शंभर अंशांच्या जवळ गेली की बहुतेक चिप स्वतःच वेग कमी करतात. अशा वेळी कवचावरून थोडी हवा खेळती राहिली तरी बराच फरक पडतो.

थोडीच हवा पुरते, म्हणून पंखा मोठा घ्यावा आणि हळू फिरवावा. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज सिद्धांताने आठवा हिस्साच लागते, आणि आवाजही खूप उतरतो. १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवतात तो यासाठीच. फक्त तेवढ्यावर तो सुरू होतो ना, हे आधी बघावं.

आता आपल्या किनाऱ्याचं. इथली हवा खारी आणि दमट. ती आत ओढली तर सर्किटवर मीठ बसतं, धातू गंजतो. कवच बंद असणं हा इथे या यंत्राचा मोठा गुण आहे, तो घालवू नये. म्हणून कवचाला भोकं पाडून पंखा आत बसवायचा नाही. तो बाहेर, पट्ट्यांवर वारा घालेल असा ठेवायचा. गंजला तर पंखा गंजेल, तो बदलता येतो. संगणक वाचतो.